दुपट्टा हलला की वाजवायचं

लग्न लागलं की नाही हे महाराज ठरवतात, असा बाहेरच्या लोकांचा समज आहे. आमच्या अमरावती-अकोल्याकडे ते बँड ठरवतो. महाराजांचं शेवटचं 'सावधान' पहिल्या तीन रांगांना ऐकू येतं. मागचे हजार लोक सोयरिकी, कापसाची पऱ्हाटी आणि राजकारण यांवर बोलत असतात. त्यांना बँड वाजला की कळतं, लागलं. मग हातात उरलेल्या अक्षता समोरच्याच्या मानेत टाकून अख्खा मांडव पंगतीकडे धावतो, आणि एकदा धावलेला मांडव कोणाच्या बापाला परत आणता येत नाही.

म्हणून आमच्या धंद्यात पाप एकच. वेळेआधी वाजवणं. बेसूर वाजलं तर कोणी बोलत नाही, उलट दोनचार जण त्यावरच नाचतात. पण वेळेआधी वाजवलेला बँड म्हणजे सही करायच्या आधीच शिक्का मारणारा तलाठी. माझ्या बँडचं नाव चांगलं होतं ते याच एका गोष्टीवर, की हा मास्तर घाई करत नाही. ते नाव कसं गेलं, ते सांगायला बसलो आहे.

मी बी.ए. आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजच्या फाटकातून जो आत गेला तो गॅदरिंगला ढोल वाजवायला. तो माझा बाप. त्याला मोजता यायचं चारपर्यंत. म्हणायचा, पाचव्याची कधी गरजच पडली नाही. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यानं मोठा ढोल गळ्यात घातला आणि भर दुपारी अमरावतीच्या आमच्या मोहल्ल्यातून एकटाच वाजवत फिरला. लोक बाहेर येऊन विचारत, "कोनाचं लगन आहे?" बाप म्हणे, "लगन नाई, पोरगं बी.ए. झालं." पुढे बँड माझ्याकडे आला तेव्हा त्याच ढोलावर मी पेंटरकडून माझं नाव लिहून घेतलं आणि पुढे बी.ए. टाकलं. पेंटर म्हणाला, ढोलावर डिग्री मी पहिल्यांदाच काढून राहिलो. लग्नात लोक विचारायचे, "बी.ए. होऊन बाजा फुकता?" मी म्हणायचो, "काका, माझ्यासंगचे बी.ए. अजून अर्जच भरून राहिले. मी निदान काही फुकून तरी राहिलो."

माझं वाद्य ट्रॉम्बोन. बँडमध्ये तुम्ही एक लांबलचक पितळी नळी पाहिली असेल, जिचा अर्धा भाग वाजवणारा पुढे ढकलतो आणि मागे ओढतो, ती. ट्रंपेटला दाबायला खुंट्या असतात, क्लॅरनेटला भोकं असतात. ट्रॉम्बोनला काहीच नसतं. नळी कुठे थांबवायची हे हातानं आणि कानानं ठरवायचं. त्यामुळे ट्रॉम्बोनवाला नेहमी पहिल्या रांगेत. मागे उभा केला तर पुढच्याच्या डोक्यात जातो. अचलपूरच्या एका बोळीत वळण घेताना माझ्या नळीनं गच्चीखालच्या ओट्यावर बसलेल्या नवरदेवाच्या आजोबांचा फेटा उचलला आणि तो तसाच मारुतीच्या देवळापर्यंत माझ्यासोबत आला. आजोबांना वाटलं, मानपान असेल. त्यांनी देवळात येऊन तो रीतसर परत घेतला आणि वर मला नारळ दिला.

दुसरी गोष्ट चांदूर बाजारची. जेवायला बसण्याआधी मी ट्रॉम्बोन मांडवाच्या खांबाला टेकवून हात धुवायला गेलो. परत आलो तर लग्नघरचे एक पाहुणे, धंद्यानं प्लंबर, माझ्या नळीच्या सांध्याला धागा गुंडाळून वर पांढरा लेप लावत बसलेले.

"मास्तर, हा पाइप लूज होता. मघापासून पाहून राहिलो, तुमी सारखा मांगंपुढं सरकवून राहिले. आता हालत नाई."

खरंच हलत नव्हता. नवरी पाठवणीला निघाली तेव्हा अख्खी पाठवणी मी एकाच सुरात वाजवली. नवरीची आई नंतर म्हणाली, तुमचा तो एक सूर काळजाला लागला बाप्पा.

हे वाद्य मला शिकवलं आंतोन सरांनी. ते मूळचे गोव्याचे, सर्कशीच्या बँडमध्ये होते. सर्कस अकोल्याला आली आणि अकोल्यालाच बसली. मालकानं तंबू विकला, जनावरं गेली, माणसं आपापल्या गावी गेली. आंतोन सर राहिले. विचारलं तर म्हणायचे, "हत्ती के लिए आदमी आया, मेरे लिए कोई नहीं आया." अकोल्यात बाजारामागे त्यांची खोली होती. मी अमरावतीहून एसटीनं जायचो, ते दारात खाटेवर बसून वाजवायचे आणि रस्त्यावरची कुत्री न भुंकता ऐकायची.

त्यांचं खरं प्रेम जॅझवर. त्यातही जुन्या चालीच्या, मिरवणुकीतून निघालेल्या जॅझवर. ते काय असतं हे मी लोकांना असं सांगतो: आपल्याकडे चार जावा एका चुलीपाशी बसून एकाच वेळी बोलतात, कोणी थांबत नाही, तरी प्रत्येकीला सगळं ऐकू येतं आणि भाजीही जळत नाही, तसं. ट्रंपेट मूळ चाल सांगतो. क्लॅरनेट वरून वेलबुट्टी काढतो. आणि ट्रॉम्बोन खालून सगळ्यांना धरून असतो. कोणी भरकटलं की हळूच सरकत जाऊन त्याला घरी आणतो. लिहून काही ठेवलेलं नसतं. आमच्या बँडमध्ये क्लॅरनेटवर रशीदभाई होते, अचलपूरचे, माझ्याहून थोडे मोठे. आम्ही दोघांनी वरातीच्या गाण्यांत गुपचूप हे घुसवलं. लोकांना कळलं नाही, पण नाचताना पाय जास्त उचलायचे.

आंतोन सरांनी मला शाबासकी कधी दिली नाही. एक वाक्य दिलं. सर्कशीत झुल्यावरचा माणूस जाळीत पडला तर बँड काय करतो, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "आदमी गिरता है, बाबा. बँड नहीं गिरता. बँड रुका तो पब्लिक को पता चलता है कि गिरा."

आता ते लग्न.

अकोला, मे महिना. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. अकोल्याचा मे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, त्या दिवसात आम्ही वाद्याचं तोंड ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो, नाहीतर पहिल्या फुंकेला ओठ भाजतो. नवरीचे वडील गुलाबराव, कापसाचे व्यापारी, माणूस मोठा पण बोलायला साधा. सकाळी आमच्या चहाच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी कप पुढे केला.

"नाई मास्तर. लगन लागेपर्यंत पानी नाई घेत पोरीचा बाप."

मागून त्यांची बायको आली. "सांगा याईले काही. सकाळी शुगरची गोळी खाल्ली आन् पोटात दाना नाई. डाक्टरनं सांगतलं, गोळी घेतली का खाच लागते."

"गोळी पान्याबिगर गिळली मी," गुलाबराव म्हणाले. "त्याच्यानं उपास मोडत नाई."

मुहूर्त दुपारचा. लग्नाच्या वेळी बँड मांडवाच्या दारात उभा असतो, स्टेजपासून लांब. महाराजांचा आवाज तिथे पोचत नाही. म्हणून खुणेची पद्धत. नवरीचा मामा तिच्या पाठीशी उभा असतो, त्याच्या खांद्यावर दुपट्टा. शेवटचं 'तदेव लग्नं' म्हणून झालं की मामा दुपट्टा वर करून हलवतो. दुपट्टा हलला की वाजवायचं. आमचे सगळे डोळे त्या दुपट्ट्यावर.

महाराजांनी आपली मंगलाष्टकं भराभर उरकली. शेवटचं तेवढं राहिलं. तेवढ्यात नवरदेवाचे मोठे काका पुढे झाले. सगळे त्यांना नाना म्हणत. निवृत्त हेडमास्तर, आवाज खणखणीत, आणि खिशात स्वतः रचलेली मंगलाष्टकं. त्यांनी माइक घेतला. पहिलं नात्यातल्या बायकांवर होतं:

"आत्या मावशि आणि आजि जमल्या, मामा उभा पाठिशी..."

लोकांनी अक्षता टाकल्या. दुसरं नवरदेवाच्या शिक्षणावर:

"बीई होउनि लागला शहरि तो, पॅकेज मोठे तया..."

तिसरं गावाच्या नदीवर. चौथं सुरू झालं तेव्हा कळेना कशावर आहे. नानांना थांबवणार कोण? मुलाकडचे, त्यात वडीलधारे, त्यात हेडमास्तर. महाराज दोनदा माइककडे हात नेऊन परत आले. आंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली आले होते आणि नवरदेव-नवरी एकमेकांना गळ्यापर्यंत दिसत होते.

मी मात्र गुलाबरावांकडे पाहत होतो. ते नवरीच्या बाजूला उभे होते आणि हलत होते. आधी वाटलं, नानांच्या तालावर. मग दिसलं की ताल वेगळा आहे. चेहरा ओल्या पिठासारखा.

नवरीनंही ते पाहिलं. वैशाली तिचं नाव. तिनं मान वळवून मामाला काहीतरी म्हटलं. मामानं मान हलवली, नाही. ती पुन्हा बोलली. मामा नाही. तेव्हा तिनं मामाच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, वर केला, आणि बापाच्या कपाळावरचा घाम पुसला. घाम पुसायला दुपट्टा डोक्याच्या वर न्यावा लागत नाही. तो वर असताना तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. मांडवभर माणसं मधे, पण पाहिलं माझ्याकडेच.

मी वाजवलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. अक्षतांचा पाऊस, खुर्च्या मागे, आणि मांडव उठला. पहिली पंगत बुंदी आणि वांग्याच्या भाजीवर बसलीसुद्धा. अकोल्यात आजही काही लोक आहेत, जे त्या लग्नात लग्न लागायच्या आधी जेवून उठले.

आणि स्टेजवर आंतरपाट तसाच. मामा दोन्ही हात हलवून नाही नाही करत होते, महाराज कपाळाला हात लावून, आणि नाना? नाना थांबलेच नव्हते. बँड वाजतो म्हणून त्यांनी माइक आणखी जवळ घेतला आणि आवाज वाढवला.

रशीदभाईंनी क्लॅरनेट तोंडातून काढलं. "मास्तर, ये तो गडबड हो गई. बंद करवाऊँ?"

त्या क्षणी बंद केलं असतं तर सगळ्या मांडवाला कळलं असतं की पडलं. मुलाकडचे रुसले असते, भांडण लागलं असतं, भांडणात अर्धा तास गेला असता, आणि गुलाबरावांकडे अर्धा तास नव्हता. मी म्हटलं, "बंद नाही. ढोल थांबवा. तुम्ही वरून या, हळू. मी नानांना आणतो."

आता यातली खुबी ऐका. नानांचा सूर कुठल्याच पेटीत सापडणारा नव्हता. काळ्या आणि पांढऱ्या पट्टीच्या मधे जी फट असते, तिथे ते गात. क्लॅरनेट तिथे जाऊ शकत नाही, ट्रंपेट जाऊ शकत नाही. ट्रॉम्बोन जातो, कारण त्याला खुंटीच नाही. मी नळी सरकवत नानांच्या फटीत शिरलो आणि खालून त्यांना धरलं. नाना दचकले. मग त्यांचा आवाज मोकळा झाला. त्यांनी एक ओळ गायली, मी उत्तर दिलं. रशीदभाई वरून दोघांच्या डोक्यावर कारंजं उडवत होते. आंतोन सरांच्या खोलीत शिकलेलं जॅझ, खरंखुरं, लपवाछपवी न करता, मी आयुष्यात पहिल्यांदा भर मांडवात वाजवत होतो, आणि गाणारा होता एक हेडमास्तर.

ओळीच्या शेवटी मी नळी पूर्ण लांब सोडली आणि सूर वरून खाली, खाली, घरापर्यंत घसरत आणला. उतारावर बैल थांबवता येत नाही तसे नाना त्या सुराबरोबर उतरले आणि थेट "सावधान"वर येऊन टेकले. आता काही उरलं नाही असं त्यांना, मला वाटतं, जन्मात प्रथमच वाटलं असावं. त्यांनी माइक छातीशी धरून डोळे मिटले. महाराजांनी तो अलगद काढून घेतला, 'तदेव लग्नं' एका दमात म्हटलं, आंतरपाट पडला आणि आम्ही खरोखरचं वाजवलं.

वैशालीच्या हातातला हार तसाच राहिला. तिनं आधी मामाकडून पाण्याचा ग्लास घेतला आणि बापाच्या तोंडाला लावला. मग बुंदीचा घास. नवरदेव बिचारा मान पुढे करून उभा.

गुलाबराव वाचले, पण माझं नाव गेलं. 'नवरीनं बापाचा घाम पुसला आन् मास्तरले वाटलं वाजवाची खून झाली', ही गोष्ट अकोल्यातून अमरावतीला माझ्याआधी पोचली. मी बसमधून उतरलो तर पानठेल्यावर हाक आली, "या घाईमास्तर." ढोलावर बी.ए. लिहिलेलं होतं, लोकांनी त्याच्यापुढे तोंडी हे जोडलं. रशीदभाई म्हणाले, "बता दो ना लोगों को, लडकी ने इशारा किया था." मी म्हटलं, सासरी गेलेल्या पोरीनं स्वतःच्या लग्नाचा बँड वेळेआधी वाजवून घेतला, हे सांगून मी कुठलं नाव मिळवू? आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री कुठे होती? डोळ्यांचं काय, मांडवात कोणीही कोणाकडेही पाहतं. वाईट वाटायचं मात्र. बुकिंगला आलेला माणूस शेवटी हसून म्हणायचाच, "मास्तर, आमच्याकडं जरा दमानं."

फायदा एकच झाला, तोही उलटा. नाना माझे भक्त झाले. लग्नानंतर चार दिवसांनी घरी आले. मला वाटलं भांडायला.

"मास्तर, तुमी माह्या मांगंमांगं आले ना, तवा मले पहिल्यांदा समजलं का मी सुरात गातो."

त्यानंतर नाना जिथे मंगलाष्टक म्हणत तिथे आमचाच बँड लावायला सांगत. किती लग्नांत मी त्यांना घरी आणलं असेल! ते ओळीच्या शेवटी मांडवाच्या दाराकडे पाहायचे, मी नळी खाली सोडायचो, ते उतरायचे. ट्रॉम्बोन नसेल तर त्यांना थांबता येत नसे, हे फक्त मला आणि रशीदभाईंना माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं, मंजूचं लग्न झालं. अमरावतीतच. ती एम.ए., म्हणजे ढोलावर नाव लिहायचं ठरलं असतं तर माझ्या नावाच्या वर तिचं आलं असतं. इवाई, म्हणजे मुलाचे वडील, भले गृहस्थ. बोलणी झाल्यावर चपला घालताना म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तुमी फक्त बाप. बाजाबिजा हातात धरू नका. बरं नाई दिसत." मी हो म्हटलं. बँड रशीदभाईंकडे सोपवला. ट्रॉम्बोन घरी पलंगावर ठेवला आणि वर चादर घातली.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की केली. घाईमास्तरच्या घरचं लग्न एका क्षणाचीही घाई न करता लागेल. अख्खी अमरावती बघेल. मंजूच्या मामाला, म्हणजे माझ्या साळ्याला, मी तीनदा पढवलं: 'तदेव लग्नं' झाल्याशिवाय दुपट्ट्याला हात लावायचा नाही. तो इतका घाबरला की त्यानं दुपट्टा घडी करून खिशात कोंबला.

नाना आले होते. थकले होते, काठी होती, पण खिसा फुगलेला होता. गुलाबराव आले होते, वैशालीला घेऊन. मी सकाळपासून उपाशी, पाणीसुद्धा नाही. गुलाबराव जवळ येऊन म्हणाले, "मास्तर, शुगर नाई ना?" म्हटलं नाही. "मंग ठीक. उभे राहा."

महाराजांचं शेवटचं तेवढं राहिलं आणि नाना पुढे झाले. मंजूवर रचलेलं होतं, तिच्या एम.ए.सकट. आवाज पूर्वीचा नव्हता. तिसऱ्या ओळीवर दम तुटला. चौथी वर गेली आणि वरच राहिली, खाली यायला वाट सापडेना. त्यांनी सवयीनं मांडवाच्या दाराकडे पाहिलं. तिथे ट्रॉम्बोनवाला नव्हता. ट्रॉम्बोनवाला स्टेजवर फेटा बांधून, हात बांधून उभा होता. नानांचा सूर लोंबकळत होता, माइकवर, सगळ्यांसमोर. ते म्हातारे डोळे दारात मला शोधत होते.

माझा उजवा हात सुटला. मी हलवला नाही, तो हलला. छातीपासून पुढे, लांब, खाली, जशी नळी सोडतात तशी. रिकामा हात, हवेत.

आणि बँड वाजला. सगळाच्या सगळा, ढोलासकट. रशीदभाई इतकी वर्षं दुपट्ट्याकडे पाहतच नव्हते. दुपट्ट्याकडे मी पाहायचो, ते माझ्या हाताकडे.

मांडव उठला. माझ्या साळ्यानं खिशातला दुपट्टा काढून सगळ्यांना दाखवला, मी नाही म्हणून. इवायांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आंतरपाटामागे मंजूच्या मुंडावळ्या थरथरत होत्या. मला वाटलं रडते आहे. हसत होती. तिकडे रशीदभाईंनी घोटाळा ओळखला, पण थांबले नाहीत. ढोल बंद करून ते एकटे नानांच्या वरून खाली आले, क्लॅरनेटला जमेल तितकं खाली, आणि नाना त्या आवाजाला धरून कसेबसे "सावधान"पर्यंत उतरले. महाराजांनी माइक घेतला. लग्न लागलं.

पुढे दात गेले आणि वाजवणं थांबलं. ट्रॉम्बोनवाल्याला पेन्शन नसते, कवळी असते. घाईमास्तर हे नाव मात्र राहिलं आहे, आणि आता ते खोटं आहे असं म्हणायला मला तोंड नाही.

त्या दिवशी गर्दी पंगतीकडे गेल्यावर मी स्टेजच्या पायरीवर बसलो होतो. वैशाली पाण्याचा ग्लास घेऊन आली. मी घटाघट प्यायलो. ती माझ्या उजव्या हाताकडे पाहून हसत होती.

"काका," ती म्हणाली, "मले निदान दुपट्टा तरी लागला होता."